मानाची जागा

सासऱ्यांना दवाखान्यातून कुठं न्यायचं याचा निकाल दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभ्या उभ्या लागला, आणि ज्या बाईच्या गळ्यात तो पडणार होता तिला नेमकं त्याच वेळी गाडीतून रजया आणायला पाठवलं होतं. मेरिम रजया घेऊन परत आली तेव्हा थोरले दीर उलान छातीवर हात ठेवून बोलत होते. उलान राजधानीत, बिश्केकला, मोठ्या हुद्द्यावर होते. छातीवर हात ठेवायची त्यांना सवयच होती, मग आत काही असो नसो.

"आम्ही दोन मुलगे जिवंत असताना बाप परक्यांच्या हवाली करू?" ते म्हणत होते. "गाव काय म्हणेल? जुमादिलची पोरं मेली काय, असं म्हणेल."

"गावाला घाला चुलीत," समोरची बाई म्हणाली. ही वेनेरा, रुग्णांकडून हातापायाचे व्यायाम करून घेणारी. पन्नाशीची, आखूड केसांची, आवाज पुरुषासारखा. "बिश्केकला अर्धांगाचा झटका आलेल्यांसाठी वेगळा वॉर्ड आहे. तिथली एक खाट मी फोन करून अडवून ठेवलीय. दिवसभर चालवतील, हात हलवायला लावतील, बोलायला लावतील. हे पहिले महिने हातचे गेले ना, तर मग कितीही डोकं आपटा. आणि तुमच्या घरापासून ती जागा हाकेच्या अंतरावर आहे."

हे शेवटचं वाक्य उलानना आवडलं नाही. बाप हाकेच्या अंतरावर आला की हाकेला ओ द्यायला रोज जावं लागतं, एवढं त्यांना कळत होतं.

"घरी आम्ही त्यांना फुलासारखं जपू," ते म्हणाले.

"तेच करू नका! घरी नेऊन त्यांना पाहुणा करू नका. पेला त्यांच्याच हातात द्या. सांडू दे चहा. रोज उभं करा. वेळ पडली तर ओरडा, भांडा, पण उभं करा."

उलान हसले, मोठ्या माणसानं लहानांच्या बोलण्यावर हसावं तसे. "बाई, तुम्ही शहरात वाढलात. आमच्याकडे बापावर कुणी ओरडत नाही."

मेरिमचा नवरा कुबात या सगळ्या वेळात आपल्या बुटांकडे बघत होता. आमच्याकडे धाकट्या मुलाला घर मिळतं आणि घराबरोबर म्हातारे आईबाप. त्यामुळे फुलासारखं जपायचं काम कुबातच्या घरात होणार होतं. म्हणजे खरं तर कुबातच्या बायकोच्या हातून. तिला कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं खाट मागितली असती, पण सून पायऱ्यांवर मोठ्या दिरासमोर तोंड उघडत नाही. ती रजया छातीशी धरून उभी राहिली आणि आतल्या आत जळत राहिली.

तोंड न उघडण्याचं तिला शिक्षणच होतं. लग्न होऊन आली त्या दिवसापासून तिनं सासऱ्यांचं नाव कधी उच्चारलं नव्हतं. आमच्या सुना ते उच्चारत नाहीत. नाव तर नाहीच, नावाशी मिळता शब्दही नाही. म्हणून सगळं खोरं शुक्रवारला जुमा म्हणायचं आणि मेरिम म्हणायची 'नमाजाचा दिवस'. ज्या सकाळी सासरे तबेल्यात कोसळले त्या सकाळी कुबात डोंगरावर होता. मेरिमच त्यांना घेऊन दवाखान्यात आली. नर्सनं विचारलं, "नाव?" आणि मेरिमला ते सांगता येईना. सासऱ्यांचं तोंड वाकडं झालेलं, लाळ गळतेय, आणि ही बया मुकाट उभी. "अगं, माणूस जातोय आणि तू लाजतेस काय!" नर्स खेकसली. शेवटी मेरिमनं त्यांच्या कोटाच्या खिशातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. त्या दिवसाची लाज तिच्या मनातून गेली नव्हती. आपण लाजलो याची लाज.

निघताना वेनेरानं तिचं मनगट धरलं. "ऐक गं. डावा हात ठीक आहे. उजवा मेलेला नाही, झोपलाय. कुणी उठवलं नाही तर झोपूनच राहील. तू बघशील ना?"

मेरिमनं मान हलवली. सुनेनं मान हलवली म्हणून जगात काही हलत नाही, हे वेनेराला ठाऊक नसावं.

*

घरी मेंढी कापली. सासऱ्यांना चौघांनी उचलून आत नेलं आणि दारासमोरच्या भिंतीपाशी, मानाच्या जागी, रजयांच्या थरावर निजवलं. ती त्यांचीच जागा. गावातल्या पांढऱ्या दाढ्यांमधली ही सगळ्यात वजनदार दाढी. तरुणपणी त्यांनी सरकारी कळपाचे घोडे राखले होते. त्यांच्या शब्दावर जमिनीचे तंटे मिटत. आजवर त्या जागी ते मांडी घालून ताठ बसत आले होते. आता त्याच जागी आडवे झाले.

मग माणसं येऊ लागली. विचारपूस करायला यायचं, साखर नाहीतर कापड आणायचं, आणि आलेल्याला जेवल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही, अशी आमची रीत. रीत चांगली आहे. पण शेतातले बटाटे काढून झाले, डोंगरावरची जनावरं खाली आली, तरी माणसांचा राबता संपेना. मेरिम पहाटे चूल पेटवायची, बोर्सोकचे पिठाचे गोळे तळायची, चहाच्या पाण्याचा सामोवार भरायची, प्रत्येक पांढऱ्या दाढीला वाकून सलाम करायची. सासऱ्यांच्या अंगाला तिनं हात लावायचा नव्हता. ते कुबात आणि सासूबाई बघत. तिच्या वाट्याला त्यांचे घाण झालेले कपडे बर्फासारख्या पाण्यात धुणं होतं. त्याचं तिला काही वाटत नव्हतं. तिला वाटत होतं ते वेगळंच.

जो येई तो एकच म्हणे, "उठू नकोस, जुमादिल. पडून राहा."

त्यांनी डोकं उचललं की दोन हात पुढं येत आणि त्यांना खाली दाबत. डाव्या हातानं पेला घ्यायला गेले की सासूबाई बुरुल अपा तो आधीच ओठांना लावत. कूस बदलायची म्हटलं तर तिघं धावत. "आयुष्यभर राबलास. आता आम्हाला राबू दे," असं म्हणून लोक डोळे पुसत. सासऱ्यांचे जुने दोस्त सादिर येत, ते तेवढे थट्टा करीत. "मजा आहे बुवा तुझी. आम्हाला अजून मुतायला उठावं लागतं." सगळे हसत. सासरेही अर्ध्या तोंडानं हसत. मेरिम दाराजवळ सामोवारापाशी बसून पेले भरे आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

कारण तिला दिसत होतं. दवाखान्यात पावलं टाकू लागलेला माणूस होता तो, दोघांच्या खांद्यांवर हात टाकून का होईना. तिथं वेनेरा त्यांना खिडकीपर्यंत नेत असे. आता मांडीचं मांस झडलं होतं. उजवा हात छातीशी मुडपून बसला होता. बोलणं तर त्यांनी टाकूनच दिलं होतं, कारण बोलायच्या आधीच दहा जण अर्थ लावीत. जगात कुणी कुणाला इतक्या प्रेमानं अपंग केलं नसेल.

एकदा सकाळी पाहुणे यायच्या आत तिनं धाडस केलं. पेला अर्धा भरला, वाकून सासऱ्यांच्या उजव्या हातापाशी धरला आणि खालच्या आवाजात म्हणाली, "अताके, या हातानं. मी खाली तबक धरते."

त्यांनी तिच्याकडे बघितलं. बोटं हलली, पेल्याला लागली, आणि पेला कलंडला. चहा दाढीवर, छातीवर. तेवढ्यात बुरुल अपा आत आल्या.

"अगं, काय गं हे!" त्या अशा किंचाळल्या की शेजारचं कुत्रं भुंकू लागलं. "भाजलंस त्यांना? आजारी माणसाकडून कामं करून घेतेस? चहा पाजायला हात झिजतात काय तुझे?"

"अपा, दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं होतं..."

"त्या बाईला बाप नसेल. तुलाही नसेलच, नाहीतर असं सुचलं नसतं."

मेरिमचा बाप जिवंत होता आणि पलीकडच्या गावात मधमाश्या पाळत होता, पण ही बोलायची वेळ नव्हती. संध्याकाळी कुबातनं तिला समजावलं. कुबात वाईट माणूस नव्हता. तो कुणाशीच वाकडं बोलत नसे, आणि याचीच तिला जास्त चीड येत होती.

"कशाला अपाला दुखावतेस?" तो म्हणाला. "जाऊ दे ना."

"काय जाऊ दे? तुझा बाप?"

"हळू बोल."

"हळूच बोलत आले मी. बघ काय झालं ते."

*

मांजराची गोष्ट तिनं एकटीनंच पाहिली. दुपारची वेळ, पाहुणे नुकतेच गेलेले, जेवणासाठी जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानावर हाडं आणि उरलेलं मांस. सासरे डोळे मिटून पडलेले. घरातलं पिवळं मांजर पावलं न वाजवता आलं आणि त्यांच्या उजव्या बाजूच्या ताटलीत तोंड घालू लागलं. सासऱ्यांनी डोळे उघडले. डावा हात रजईखाली होता. त्यांनी उजवा हात छातीवरून सोडवला आणि मांजराला फटका मारला. नीट लागला नाही, पण मांजर पळालं. हात परत छातीशी गेला. डोळे मिटले.

मेरिम दाराशी पेल्यांचं तबक घेऊन थिजली. हात उठला होता. कुणी बघत नाही असं वाटल्यावर उठला होता!

तिनं कुबातला सांगितलं. तो म्हणाला, "अपाला बोलू नकोस. उगाच आशा लागायची."

मग एकदा गावात कुणाच्या तरी घरी लग्न निघालं, आणि बुरुल अपा मनाविरुद्ध, पण चांगला रुमाल बांधून, तासाभरासाठी गेल्या. मेरिम आत आली. रीतीप्रमाणे दाराजवळ उभी राहिली.

"अताके, मी बघितलं त्या दिवशी. मांजराला मारलंत ते."

ते छताकडे बघत राहिले.

"तुमचा हात चालतो. मी कुणाला सांगत नाही. पण आपण दोघंच थोडं थोडं करू. कुणी घरात नसताना. तुम्ही उठून बसा फक्त, मी इथूनच बघते."

"जा," ते म्हणाले. शब्द ओला, जाड, पण शब्द होता.

"गेल्या वर्षी घोडी घळीत पडली तेव्हा अपा म्हणाल्या, बिचारीला नुसती उभी राहू दे, दुखतंय तिला. तेव्हा तुम्ही काय केलंत? भर पावसात तिला फिरवत होतात. ती पाय टेकत नव्हती, तुम्ही शिव्या देत होतात. आज ती डोंगर चढते. तुम्हाला कळतं हे सगळं. माझ्यापेक्षा जास्त कळतं!"

सासऱ्यांनी बराच वेळ तोंडातल्या तोंडात शब्द जुळवला. मग म्हणाले, "लोक... बघतील."

बस्स. एवढंच होतं ते. हा माणूस कळपासमोर ताठ बसला होता, पंचायतीसमोर ताठ बसला होता, आणि आता लोकांसमोर पाय ओढत, लाळ गाळत, पेला सांडत चालायला तो तयार नव्हता. निजून राहिलं तर मान राहत होता. लोक वाकत होते, पेला ओठाशी येत होता. उठलं की तो थरथरणारा म्हातारा ठरणार. मेरिमला त्यांची दया यायला हवी होती. तिला भयंकर राग आला. मानाच्या नावाखाली घरच्यांनी या माणसाला पुरायला काढलं होतं, आणि हा माणूस स्वतःच्या हातानं माती ओढून घेत होता.

*

पहिला बर्फ पडला त्या आठवड्यात, नमाजाच्या दिवशी, उलान आले. मागून एक ट्रक आला. ट्रकमध्ये खाट होती.

असली खाट खोऱ्यात कुणी पाहिली नव्हती. लोखंडी, पांढरी, दोन्ही बाजूंना कठडे, खाली चाकं, आणि वायरच्या टोकाला बटणं. एक बटण दाबलं की डोक्याकडचा भाग वर येई, दुसरं दाबलं की खाली जाई. पायांचंही तसंच. रजया काढून टाकल्या आणि मानाच्या जागी ती खाट बसवली. सासऱ्यांना उचलून तिच्यावर ठेवलं. गावातल्या सगळ्या पांढऱ्या दाढ्या दस्तरखानाभोवती बसल्या आणि खाटेची तारीफ सुरू झाली.

"मुलगा असावा तर असा," एक म्हणाले.

"बघू, बघू, ते दाब. वर जातंय! आता खाली घे."

सासरे वर गेले. सासरे खाली आले. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"आता काही म्हणजे काही करायला नको अताकेंना," उलान छातीवर हात ठेवून म्हणाले. "उठायचीसुद्धा गरज नाही. सगळं हिच्यावरच. जन्मभर."

म्हाताऱ्यांनी तळवे पसरले, दुवा दिली, तोंडावरून हात फिरवले. "ओमिन." बुरुल अपा रडल्या. कुबातही रडला. आणि मेरिम सामोवारापाशी बसून ते 'जन्मभर' ऐकत होती. तिला दिसलं की आता संपलं. रजयांवरून माणूस उठू शकतो. एवढ्या दुवा घेतलेल्या, एवढ्या लोकांनी पाहिलेल्या खाटेवरून तो कधी उठणार नाही, कारण उठला तर मुलाचा अपमान होईल.

उलाननी न बघताच पेला पुढं केला. मेरिमनं तो घेतला. आमच्याकडे चहा पेल्यात अर्धाच ओततात. पुन्हा पुन्हा भरून द्यायला मिळावा, पाहुणा बसून राहावा, म्हणून. काठोकाठ भरलेल्या पेल्याचा अर्थ एकच असतो, प्या आणि चालते व्हा. मेरिमनं तोटी सोडली आणि पेला ओसंडून बशीत येईपर्यंत बंद केली नाही. मग तो दोन्ही हातांनी दिरासमोर ठेवला.

आधी एकाच्या लक्षात आलं, मग सगळ्यांच्या.

"हे काय आहे?" उलाननी विचारलं.

"चहा."

"मेरिम," कुबात कुजबुजला, "अगं, वेड लागलं का?"

तिनं ऐकलं नाही. ती उठली. दस्तरखानाला वळसा न घालता, म्हाताऱ्यांच्या समोरून, सरळ खाटेपाशी गेली. ती सासऱ्यांच्या तोंडाकडे बघून म्हणाली,

"जुमादिल."

बुरुल अपांच्या हातातला चमचा पडला.

"जुमादिल! ऊठ. पुरे झालं हे मेल्याचं सोंग. मांजराला मारायला हात आहे तुझ्याकडे, चहा प्यायला नाही? घोड्यांना चालवलंस, माणसांना चालवलंस, आणि स्वतःवर वेळ आली तर पाळण्यात जाऊन झोपलास? लाज नाही वाटत? ऊठ!"

सासऱ्यांचे डोळे उघडले. चेहरा आधी पांढरा पडला, मग गळ्यापासून लाल होत गेला. सुनेनं नाव घेतलं. अरे-तुरे केलं. सगळ्या गावादेखत. त्यांच्या घशातून गुरगुर आली, ओठ वाकडे-तिकडे झाले, आणि मग फटकन शब्द सुटला.

"बाहेर!"

आणि हात उठला. दाराकडे रोखलेला, थरथरणारा, बोटं अर्धी मिटलेली. उजवा हात.

"अरे," सादिर म्हणाले, "अरे, हात बघा त्याचा..."

कुणी बघितलं नाही. सासऱ्यांनी डाव्या हातानं कठडा धरला आणि अंग उचललं. खांदे सुटले, पाठ सुटली, एक पाय खाटेच्या कडेला आला. ते उठत होते. तिला मारायला उठत होते, पण उठत होते.

"पडून राहा, अताके! पडून राहा!" उलान ओरडले आणि त्यांनी बटण दाबलं.

खाट घरघरली. सासऱ्यांच्या पाठीखालचा भाग संथपणे खाली गेला. तोल गेलेला म्हातारा मागं कोसळला, आणि चार जणांनी धावून त्यांचे खांदे दाबून धरले. ते ओरडत होते, पण आता शब्द येत नव्हते. बटण दाबणारा मुलगा घामाघूम होऊन म्हणाला, "या बाईनं आज माझ्या बापाला मारलं असतं. सकाळी हिला माहेरी पोचव, कुबात."

कुबातनं बुटांकडे पाहिलं. घरात बूट नव्हते, म्हणून मोज्यांकडे पाहिलं.

*

सकाळी अंगणात बर्फ साचला होता. मेरिमनं आपल्या मुलींना शाळेत धाडलं, बॅग भरली आणि बाहेर येऊन उभी राहिली. कुबात गाडीचं इंजिन तापवत होता आणि तिच्याकडे बघायचं टाळत होता. उलान ओसरीवर फोनवर बोलत होते. तिला रडू येत नव्हतं. रडू यावं इतकं मऊ काही तिच्यात शिल्लक नव्हतं. राग मात्र अजून होता, घरावर, गावावर, त्या बटणावर, आणि सगळ्यात जास्त त्या माणसावर ज्यानं हात उचलून दाखवला आणि मग चार जणांना स्वतःला दाबू दिलं.

आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. पेले फुटले. बुरुल अपा ओरडल्या, "पडाल हो! कुणीतरी या रे! कठड्यावरून खाली उतरले!"

मग त्यांच्या आवाजाला कापत दुसरा आवाज आला. "हात... नको!"

उलान फोन टाकून आत धावले आणि लगेच उलट पावली मागं आले, कारण दारात सासरे होते.

चौकटीला धरून उभे. नाडी अर्धी सुटलेली, दाढी विस्कटलेली, तोंडाच्या कोपऱ्यातून ओघळ. पाय धनुष्यासारखे वाकलेले. डावा हात चौकटीवर घट्ट, उजवा चौकटीच्या दुसऱ्या बाजूला नुसता टेकलेला. शेजारच्या कुंपणापाशी दोन बायका उभ्या होत्या, त्या बघत होत्या. रस्त्यानं सादिर येत होते, ते थबकून बघत होते. सगळं गाव बघू शकेल अशा उजेडात ते उभे होते, आणि त्यांचं कुणाकडेच लक्ष नव्हतं. ते मेरिमकडे बघत होते.

"माझं... नाव..." ते म्हणाले. पुढचा शब्द शोधताना कपाळावरची शीर फुगली. "माझं नाव... घेतलंस."

"घेतलं," मेरिम म्हणाली.

"जीभ... उपटीन."

"तिथून?"

"अगं, गप्प बस," कुबात गाडीतून उतरत म्हणाला. "पाया पडतो तुझ्या."

तिनं बॅग बर्फात ठेवली. आणि ती मागं सरकली, पाठ न फिरवता. मोठ्यांना पाठ दाखवायची नाही, एवढी रीत तिनं आताही पाळली.

"इथून ऐकू येत नाही मला," ती म्हणाली. "जवळ येऊन सांग, जुमादिल."

म्हातारा थुंकला. मग त्यांनी डावा पाय उंबरठ्यापलीकडे टाकला. उजवा मागंच राहिला. त्याचं टोक उंबरठ्याच्या लाकडाला अडकलं. या घरात उंबरठ्यावर कधी कुणी पाय देत नसे. दिला तर याच माणसाच्या हातची चपराक बसे. ते खाली बघत राहिले. पाय उचलेना. शरीर एका बाजूला कलू लागलं.

कुबात धावला.

"हात लावलास तर याद राख!" मेरिम ओरडली, आणि त्याच क्षणी म्हाताराही ओरडला, "हट!"

कुबात मध्येच उभा राहिला, दोघांकडे आळीपाळीनं बघत.

सासऱ्यांनी उजवा हात चौकटीवरून सोडवला. तो खाली लोंबला, मांडीवर आपटला. बोटांनी गुडघ्यापाशी पायजम्याचं कापड धरलं. कापड निसटलं. त्यांनी पुन्हा धरलं. पुन्हा निसटलं. त्यांच्या तोंडून एक शिवी बाहेर पडली, स्पष्ट, अक्षर न् अक्षर सुटं, घोड्यांच्या कळपात ऐकू यावी तशी. तिसऱ्यांदा त्यांनी कापड मुठीत आवळलं, पाय वर ओढला आणि उंबरठ्याला स्पर्श न करता पलीकडे ठेवला.

दारात बुरुल अपा डोक्याच्या रुमालात तोंड खुपसून उभ्या होत्या. उलानचा हात छातीवर जाता जाता वाटेत थांबला होता.

सासरे भिंत धरून तिला हाकलायला पुढं निघाले. मेरिमनं बॅग उचलली आणि आणखी मागं, थेट तबेल्याच्या दारापाशी जाऊन उभी राहिली.